ओल्या फडक्याचे वकील

दिवाळी जवळ आली की साफसफाईचे सल्ले घराघरांत फिरू लागतात आणि त्यांत धुराच्या डागांवरचा एक सल्ला हमखास असतो. कोमट पाणी घ्या, त्यात व्हिनेगर ओता, खाण्याचा सोडा टाका, फेस आला की फडकं बुडवा आणि खसाखसा पुसा. सोफा असो, भिंत असो की सागवानी कपाट, डाग गायब. वास उरलाच तर उदबत्ती लावा. एवढं करूनही काळं दिसलंच तर रंगाचा एक हात मारून मोकळे व्हा. देवघरामागची भिंत, फटाक्यांनी काळवंडलेली गॅलरी, कढईतलं तेल पेटून बैठकीच्या खोलीपर्यंत पोचलेली काजळी, सगळ्यांना औषध एकच.

या सल्ल्याला वकील भरपूर आहेत आणि त्यांचे मुद्दे ठरलेले आहेत. पाण्याने पुसून बघायला काय जातं? व्हिनेगर आणि सोडा स्वयंपाकघरातले, म्हणजे सुरक्षितच. आपल्या आज्या-पणज्यांचा जन्म चुलीच्या धुरात गेला, त्यांनी कुठे महागडी द्रव्यं आणली? आणि काजळी म्हणजे तरी काय, काळी धूळच ना? चारही मुद्दे ऐकायला सरळ वाटतात आणि चारही चुकीचे आहेत. त्यांचा एकेक करून समाचार घ्यायला हवा, कारण सहज निघू शकला असता असा डाग कायमचा करून ठेवण्याचं काम हाच सल्ला करतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं: धुराच्या डागावरचा पहिला उपचार कोरडा असतो. ओला हात लावायचा तो नंतर, आणि तोही कशाचा धूर आहे, कशावर बसला आहे, हे पाहून. हा क्रम उलटा झाला की पुढे कितीही महाग किंवा कितीही घरगुती उपाय करा, हात दाखवून अवलक्षण एवढंच पदरात पडतं.

पाण्यापासून सुरुवात करू. काजळी ही अर्धवट ज्वलनाची पैदास. जळणाऱ्या वस्तूला पुरेसा प्राणवायू मिळाला नाही की कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. मूळ कण दहा-पन्नास नॅनोमीटरचे असतात आणि एकमेकांना चिकटून त्यांच्या साखळ्या बनतात. या साखळ्यांवर न जळलेल्या तेलाचा, डांबरासारख्या चिकट संयुगांचा थर असतो. म्हणजे कण बारीक, काळा आणि तेलकट. रस्त्यावरची माती पाण्यात भिजते, फुगते, सुटते. काजळी यातलं काहीच करत नाही. ती पाण्याला दाद देत नाही. फडक्याच्या दाबाला मात्र लगेच देते. दाब पडला की ती पृष्ठभागावरून उठण्याऐवजी त्याच्या छिद्रांत शिरते.

हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. समईच्या मागची भिंत जवळून बघा. ज्योतीच्या वर काळा पट्टा असतो, मध्ये गडद, कडेला विरत गेलेला. त्याला पांढरं कोरडं कापड नुसतं टेकवा, घासू नका. कापडावर काळा ठसा उमटतो आणि भिंत तेवढ्यापुरती फिकी होते. म्हणजे वरची काजळी सुटी आहे, उचलली तर उचलली जाईल. आता शेजारीच ओलं फडकं एकदा आडवं ओढा. बोटभर रुंदीच्या पट्ट्याचा हातभर रुंदीचा करडा फराटा होतो, कडेला पाण्याचे ओघळ उतरतात आणि ओघळ जिथून गेले तिथे खाली आणखी काळ्या रेघा. दुसऱ्यांदा पुसा, फराटा रुंदावतो. तिसऱ्यांदा पुसा, डिस्टेंपरच निघायला लागतं. चुन्याची सफेदी असेल तर तिसऱ्यांदाची वेळही येत नाही. ‘पुसून बघायला काय जातं’ याचं उत्तर त्या भिंतीवर लिहिलेलं असतं.

सोफ्याच्या कापडावर हेच घडतं, फक्त दिसत नाही. तिथे पाणी काजळीला धाग्यांच्या पोटात आणि धाग्यांखालच्या फोममध्ये घेऊन जातं. वरून कापड जरा उजळतं, घरची मंडळी खूश होतात, आणि चार दिवसांनी सोफा वाळता वाळता आतला डाग पुन्हा वर येतो. मग सल्लागार म्हणतो, अजून एकदा पुसा.

आता आज्या-पणज्यांची साक्ष काढू, कारण वकिलांनी ती न विचारताच आपल्या बाजूने नोंदवली आहे. त्या बायकांना काजळीची जात आपल्यापेक्षा चांगली ठाऊक होती, कारण त्या ती मुद्दाम धरत असत. एरंडेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यावर तांब्याचं ताम्हन उपडं धरायचं, त्यावर जमलेली काजळी खरवडायची आणि ती कशात खलायची? तुपात. पाण्यात कुणी काजळ घोटलं नाही, कारण ते मिसळत नाही. लेकराच्या गालभर पसरलेलं काजळ पुसायलाही त्या तेलाचं बोट फिरवत, मग मऊ कापडाने टिपून घेत, आणि पाणी सर्वांत शेवटी. पाण्याने आधी चोळलं तर गाल काळा होतो, हे त्यांना कुणी रसायनशास्त्र न शिकवताही माहीत होतं.

चुलीवरच्या भांड्यांचंही तसंच. भांडं चुलीवर चढवण्यापूर्वी त्याच्या बुडाला बाहेरून माती किंवा राख कालवून लेप देत. धूर लेपावर बसे आणि धुताना लेपासकट निघून जाई. काजळी मूळ पृष्ठभागाला लागूच द्यायची नाही, हा त्यामागचा विचार. ज्यांनी इतकं ओळखलं होतं त्यांच्या नावावर व्हिनेगरचं पाणी खपवणं हा त्यांचा अपमान आहे. व्हिनेगर आपल्या आज्यांच्या फडताळात नव्हतंच.

आणि हे शहाणपण आपल्यापुरतंही नाही. कोळशाच्या शेगड्यांवर ऊब घेणाऱ्या अमेरिकेत भिंतींवरचे कागद दरवर्षी काळवंडत. कागद पाण्याने धुता येत नाही. म्हणून तिथे पिठाच्या मळलेल्या गोळ्यासारखा पदार्थ विकत मिळे. तो भिंतीवरून हलकेच फिरवायचा, काजळी गोळ्याला चिकटायची, गोळा दुमडून स्वच्छ बाजू पुढे घ्यायची. सिनसिनाटीची कूटॉल ही कंपनी 1930 च्या दशकापासून हा माल बनवत होती. पुढे घराघरांत गॅस आला, काजळी कमी झाली, मागणी बसली. तेव्हा एका बालवाडी शिक्षिकेच्या सूचनेवरून तोच गोळा मुलांच्या हाती दिला गेला आणि 1956 मध्ये तो प्ले-डो या नावाने बाजारात आला. आज आपली मुलं ज्याचे हत्ती-घोडे करतात तो मुळात काजळी टिपायचा गोळा आहे. त्याआधीचं उदाहरण तर व्हॅटिकनमधलं. सिस्टीन चॅपेलच्या छतावर मेणबत्त्यांचा धूर बसला होता, तेव्हा 1625 मध्ये ते छत तागाच्या कापडाने आणि पावाने घासून साफ केलं गेलं. मायकेलअँजेलोच्या चित्रांवर हात फिरला तो पावाचा.

आज तेच काम व्हल्कनाइज्ड रबराचा कोरडा स्पंज करतो. संग्रहालयांतले जतनतज्ज्ञ आणि आगीनंतर घरं साफ करणारे व्यावसायिक दोघेही तो वापरतात. हा स्पंज पाण्यात बुडवायचा नसतो. ओला झाला की त्याचा उपयोग संपला. एकाच दिशेने, हलक्या हाताने ओढायचा, एक बाजू भरली की दुसरी घ्यायची, सगळ्या बाजू काळ्या झाल्या की वरचा थर कापून टाकायचा. यात कुठलंही जहाल द्रव्य नाही, फेस नाही, वास नाही. ‘रसायन नको’ म्हणणाऱ्यांना खरं तर हाच उपाय आवडायला हवा. पण फेस नसल्यामुळे तो दिसायला काही करत नाही आणि आपल्याला काहीतरी फसफसलेलं पाहिल्याशिवाय सफाई झाल्यासारखी वाटत नाही.

त्या फसफसण्याचीच गोष्ट घेऊ. व्हिनेगर हे सौम्य आम्ल. खाण्याचा सोडा सौम्य अल्कली. दोन्ही एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, तोच फेस. मागे उरतं काय? सोडियम अॅसिटेट नावाचा क्षार आणि पाणी. म्हणजे आम्लही संपलं आणि अल्कलीही. दोन कामाच्या वस्तू एकमेकींवर खर्च करून आपण हातात खारट पाणी घेतो आणि त्याला चमत्कार म्हणतो. तुंबलेल्या नळीत तो फेस थोडी ढकलाढकल तरी करतो. सोफ्याच्या कापडावर त्याचं काय काम?

वेगवेगळे वापरले तर दोघांनाही जागा आहे, हे मान्य करायला हवं. तंबाखूच्या धुराचा जो पिवळट थर बसतो त्यात निकोटीन असतं आणि निकोटीन अल्कधर्मी आहे. तिथे व्हिनेगरचं पातळ पाणी थोडीफार मदत करतं. लाकडाच्या धुराच्या वासात आम्लं असतात, म्हणून काजळी काढून झाल्यावर सतरंजीवर कोरडा सोडा भुरभुरून, काही तास ठेवून, व्हॅक्यूमने ओढला तर वास कमी होतो. पण सल्ला असा कुठे असतो? तो म्हणतो सगळ्यावर, सगळीकडे, एकत्र. आणि मग तेच व्हिनेगर किंवा लिंबू शहाबादी फरशीवर सांडतं, कडप्प्याच्या ओट्यावर पसरतं, संगमरवरी देव्हाऱ्याला लागतं. हे तिन्ही दगड चुनखडीच्या कुळातले. आम्लाने त्यांची झिलई खाल्ली जाते आणि पांढुरका चट्टा पडतो. काजळी निघाली असती. तो चट्टा पॉलिशवाल्याला बोलावल्याशिवाय निघत नाही.

ब्लीचचा आग्रह धरणारा एक पंथ याच्याही पुढचा. पांढरं करायचं तर ब्लीच, हा त्यांचा सरळ हिशेब. पण ब्लीच रंगद्रव्यं तोडतं आणि काजळी हे रंगद्रव्य नसून कार्बन आहे. आपल्या जुन्या पोथ्या काजळी आणि डिंकाच्या शाईने लिहिल्या आहेत. कागद पिवळा पडून तुकडे व्हायला आला तरी अक्षरं काळीभोर राहतात, ती कार्बनला काही होत नाही म्हणून. ब्लीच पडद्याचा मूळ रंग उडवील, धागा कुजवील आणि काजळी जशीच्या तशी ठेवील. वर ते संडास साफ करायच्या आम्लात किंवा व्हिनेगरमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद मोरीत एवढं मिश्रण माणसाला दवाखान्यात न्यायला पुरेसं आहे. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, इथे तर पखालही फुटते.

आता ‘काळी धूळच ना’ या मुद्द्याकडे. लंडनचा शल्यविशारद पर्सिव्हल पॉट याने 1775 मध्ये लिहून ठेवलं की धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे वृषणकोशाचा कर्करोग होतो आणि त्याचं मूळ अंगावर बसलेल्या काजळीत आहे. व्यवसायातून होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली नोंद मानली जाते. धुराडी साफ करणाऱ्यांच्या संपर्कात येणारी काजळी आज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत, गणली जाते. समईच्या पट्ट्याने कुणी घाबरून जावं असं मी म्हणत नाही. तिथे प्रमाण किरकोळ असतं. पण शॉर्टसर्किटने वायरी आणि फ्रिज जळालेल्या घरात वायरीचं पीव्हीसी जळून हायड्रोजन क्लोराइड निघालेला असतो. तो काजळीसोबत पितळी समईवर, नळांवर, टीव्हीच्या सर्किटवर बसतो. त्याला पाणी मिळालं की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि धातू खाऊ लागतं. अशा घरात ओलं फडकं फिरवणं म्हणजे आम्ल आपल्या हाताने कालवणं. त्या टीव्हीचं बटन ‘चालतोय का बघू’ म्हणून दाबणं हा त्याच अविचाराचा पुढचा भाग.

सिगारेटचा थरही नुसता पिवळेपणा नाही. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी 2010 मध्ये दाखवून दिलं की पृष्ठभागांवर बसलेल्या निकोटीनची घरातल्या हवेतल्या नायट्रस आम्लाशी प्रक्रिया होऊन तंबाखूतली कर्करोगकारक नायट्रोसमाइन्स तयार होतात. सिगारेट विझून गेलेली असते, ओढणारा गावाला गेलेला असतो आणि पडदा, गादी, सोफ्याचा हात यांवर ही घडामोड चालूच राहते. त्या सोफ्यावर रांगणारं मूल तो हात तोंडात घालतं. ‘खिडकी उघडी ठेवून ओढतो’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

वासावर उदबत्तीचा उतारा सुचवणाऱ्यांचं तर कौतुक करायला हवं. धुराचा वास घालवायला आणखी धूर! उदबत्ती, धूप, मच्छर अगरबत्ती, सगळ्यांची राख खाली पडते आणि बारीक कण वर जाऊन त्याच पडद्यांवर बसतात. मच्छर कॉइलवरचा एक अभ्यास 2003 मध्ये ‘एन्व्हायर्नमेंटल हेल्थ पर्स्पेक्टिव्ह्ज’मध्ये आला होता. एक कॉइल पूर्ण जळताना जेवढे सूक्ष्म कण सोडते तेवढे सोडायला 75 ते 137 सिगारेटी लागतात, असं त्यात आढळलं. देवापुढची उदबत्ती लावू नका असं कुणी म्हणत नाही. श्रद्धेसाठी लावा, पण सफाईचं साधन म्हणून तिची शिफारस करू नका. वास कणांत आणि कापडात मुरलेल्या तेलकट संयुगांत असतो. ती निघाली की वास जातो. ती तशीच ठेवून वर गुलाब-मोगरा फवारला की धुरकट गुलाब मिळतो.

रंगाचा हात मारण्याचा उपाय सर्वांत लोकप्रिय, कारण त्यात डाग डोळ्यांदेखत नाहीसा होतो. रंगारी घाईत असला की तोही नको म्हणत नाही. पण पाण्यात कालवलेल्या रंगातून काजळीतली तेलकट, पिवळी द्रव्यं हळूहळू वर झिरपतात. पावसाळा आला, भिंतीत दमटपणा आला की पांढऱ्या भिंतीवर चहा सांडल्यासारखे चट्टे उगवतात. आधी कोरडी सफाई, मग साबणाचं पाणी, भिंत पूर्ण वाळवणं, त्यावर डाग रोखणारा शेलॅकचा (लाखेच्या राळेचा) किंवा ऑइल प्रायमर आणि मग रंग, असा हा क्रम आहे. त्यातल्या पहिल्या पायऱ्या गाळून शेवटची तेवढी घेतली की तोच डाग दोनदा पैसे मागतो.

घाण आत ठेवून वरून लेप दिला की काय होतं, याचा धडा अजिंठ्याइतका जवळ कुठेच नाही. लेण्यांतल्या चित्रांवर दिव्यांचा आणि पुढे तिथे आसरा घेणाऱ्यांच्या चुलींचा धूर बसला होता. 1920 च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून लॉरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या जाणकारांना बोलावलं. त्यांचा हेतू चांगला होता. सुटू लागलेले रंगाचे पोपडे धरून ठेवायला त्यांनी शेलॅकचा लेप दिला. पोपडे टिकले. पण लेप काळाबरोबर पिवळा, मग तपकिरी होत गेला आणि त्याखाली धूळ-काजळी कोंडली गेली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना पुढची कित्येक दशकं इंच इंच करत तो लेप काढावा लागला. तिथे निदान अमूल्य चित्रं वाचवण्याची निकड होती. आपल्या बैठकीच्या खोलीत कोणती निकड असते? पाहुणे येण्याआधी उरकायची.

मग करायचं काय, असा प्रश्न कुणी विचारील आणि तो विचारायलाच हवा. आधी धूर कशाचा ते ओळखा. लाकूड, कागद भडकून जळाले तर काजळी कोरडी, भुरभुरीत असते. ती बरीचशी कोरड्या उपायानेच निघते. फोम, रबर, प्लास्टिक धुमसत जळाले तर ती चिकट असते, बोट लावलं की ताणली जाते; तिला कोरड्या हातानंतर सॉल्व्हंट लागतो. गॅसवर विसरलेलं दूध किंवा मटण करपलं तर काळं फारसं दिसतच नाही. पिवळसर, पातळ, चिकट पापुद्रा सगळ्या घरभर बसतो आणि वास महिनोन्‌महिने छळतो. तो डाग दिसत नाही म्हणून सोडून देतात आणि मग ‘वास कुठून येतोय’ म्हणून घर शोधत बसतात.

मग कशावर बसला आहे ते बघा. खिडक्या उघडा, पंखा मात्र लावू नका. एन-95 मास्क आणि हातमोजे चढवा. ओला रुमाल या कणांना अडवत नाही. विमा असेल तर हात लावण्याआधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा. सोफ्यावर बसू नका, उशा झटकू नका. व्हॅक्यूमचा ब्रश काढून नळी कापडापासून बोटभर वर धरा आणि काजळी ओढून घ्या. त्यानंतर कोरडा स्पंज. तेलकट डाग राहिला तर मुलतानी मातीची किंवा टाल्कम पावडर पसरून ठेवा, ती तेल शोषते, मग ओढून घ्या. त्यानंतर ओला उपाय, तोही आधी सोफ्याच्या मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर. काही सोफ्यांच्या शिवणीत लेबल असतं. त्यावर ‘डब्ल्यू’ म्हणजे पाणी चालेल, ‘एस’ म्हणजे फक्त सॉल्व्हंट, ‘एक्स’ म्हणजे व्हॅक्यूमखेरीज काहीच नाही. ते वाचायला मिनिट लागत नाही.

पडदे आतल्या बाजूला घडी करत उतरवा आणि घराबाहेर नेऊन झटका. सुती असतील तर थंड पाण्यात, साबणाच्या जोडीला धुण्याचा सोडा घालून धुवा आणि डाग गेल्याची खात्री होईपर्यंत इस्त्री लावू नका, उष्णतेने तेलकट डाग पक्का होतो. रेशमी, जरीच्या कापडांना सोडा लावायचा नाही; ती ड्रायक्लीनरकडे द्या आणि डाग काजळीचा आहे हे त्याला आवर्जून सांगा. शिसवी, सागवानी फर्निचरवर जुनं फ्रेंच पॉलिश असेल तर स्पिरिटचं बोटही लावू नका, त्यातलं शेलॅक स्पिरिटमध्येच विरघळतं. तिथे कोरडं पुसणं आणि टर्पेंटाइनचा अगदी हलका बोळा. भिंतीची कोरडी सफाई वरून खाली करा, साबणाच्या पाण्याची मात्र खालून वर. काळं पाणी कोरड्या भिंतीवर ओघळलं की ती रेघ फार हट्टी असते. आणि जो फोम आगीत होरपळला आहे तो फेकून द्या. तिथे माया करू नका.

यावर शेवटचा आक्षेप येतो तो खर्चाचा आणि वेळेचा. एवढं सगळं मध्यमवर्गीय घरात कोण करणार? हिशेब करून बघा. रबरी स्पंज, मास्क, पावडर यांचा खर्च सोफ्याचं कापड बदलण्याच्या खर्चापुढे काहीच नाही, आणि पहिली अर्धी पायरी तर फुकट आहे: हात मागे घ्या. काहीच करता येत नसेल तर निदान ओलं करू नका. तसाच ठेवलेला कोरडा डाग काही दिवसांनीही जाणकाराला बराचसा काढता येतो. चोळलेला डाग त्यालाही जड जातो.

पण खर्चाचा मुद्दा काढणारे एक खर्च कधीच धरत नाहीत. हे फडकं कुणाच्या हातात असतं? घरच्या बाईच्या, नाहीतर धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींच्या. ‘पाच मिनिटांचं काम’ म्हणून त्यांना मास्कशिवाय, मोज्यांशिवाय स्टुलावर चढवलं जातं. काजळी त्यांच्या नाका-डोळ्यांत जाते, खांदे भरून येतात आणि डाग गेला नाही की बोलणीही त्यांनाच: नीट घासलं नाहीस. जे काम घासून होणारंच नाही त्याचं अपयश घासणाऱ्या हाताच्या माथी मारायचं, हा या सल्ल्यातला सर्वांत मोठा अन्याय आहे. मावशींना आणखी जोर लावायला सांगण्याआधी सल्ला देणाऱ्याने स्वतः त्या भिंतीवर हात चालवून दाखवावा.

म्हणून दिवाळीच्या सफाईचे सल्ले छापणाऱ्या, पुढे पाठवणाऱ्या आणि चहा घेता घेता देणाऱ्या सर्वांकडे एकच मागणी आहे. धूर कशाचा, बसला कशावर आणि कोरडी सफाई झाली का, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय कुणालाही कसलंही पाणी सांगू नका. आणि ज्यांच्या हाती असा सल्ला येईल त्यांनी हेच तीन प्रश्न उलट विचारावेत. उत्तर आलं नाही तर सल्ला बाजूला ठेवावा, फडकं वाळत घालावं आणि डागाला कोरडाच राहू द्यावा. चुकीचं काहीतरी करण्यापेक्षा काहीच न करणं इथे खात्रीने चांगलं आहे.